लिंबूटिंबूची जागा



जून उजाडला की मला फोन यायला लागतात. बालवाडीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून कुणी ना कुणी विचारतंच. कुणाचा नातू, कुणाची भाची, कुणाच्या शेजारणीची मुलगी. शब्द वेगळे, गाऱ्हाणं एकच. "मूल शाळेत कुणाशी बोलत नाही हो. एकटंच बसतं. शाळेतून सांगितलंय, घरी मराठी बोलणं बंद करा, म्हणजे मित्र होतील."

हा सल्ला साफ चुकीचा आहे, असं माझं मत आहे. तो आपल्या बडोद्यातच मिळतो असंही नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना हिंदीसाठी मिळतो, बेळगावकडच्यांना कन्नडसाठी, हैदराबादला तेलुगूसाठी, आणि इंग्रजीसाठी तर सगळीकडेच. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. पोस्ट लांब होणार, चहा घेऊनच बसा.

आधी एक सांगते. असा सल्ला देणाऱ्या शिक्षिका वाईट नसतात. एका वर्गात तीसेक मुलं, त्यातली निम्मी रडणारी. त्यात एकाला सांगितलेलं कळत नाही. मग त्यांना जो उपाय पटकन सुचतो तो त्या सांगतात. पण त्या उपायाने घरात काय होतं, ते त्यांना दिसत नाही.

घरात काय होतं? आई-बाबा दोघंही नोकरीवर. मूल शाळेतून साडेबाराला येतं ते थेट आजीजवळ. आता आजीला हुकूम सुटतो, "आई, तिच्याशी मराठी नको. इंग्लिश बोला, नाहीतर गुजराती तरी." आजी बिचारी "कम, ईट, सिट" करत बसते. काल-परवापर्यंत वरणभाताच्या प्रत्येक घासाला गोष्ट होती. शाळेत कोण रडलं, कुणाचा डबा सांडला, कुणी कुणाला ढकललं, सगळं त्या ताटाजवळ बोललं जायचं. ते पाच-सात शब्दांवर येऊन थांबतं. मूल शाळेत गप्प होतं, आता घरातही गप्प होतं. मित्र मिळवून देण्याच्या नादात त्याची सगळ्यात जवळची, सगळं ऐकून घेणारी व्यक्ती आपण काढून घेतो.

आणि मैत्रीला शब्द लागतात ते कुठून येतात? "मला राग आला", "मला घेतलं नाही", "मला पण हवं होतं", "तो पडला, त्याला लागलं". हे शब्द मूल आधी घरातल्या भाषेत शिकतं. आपल्याला काय वाटतंय ते ज्या मुलाला एका भाषेत नीट सांगता येतं, ते दुसरी भाषा आली की तिच्यातही सांगतं. ज्याला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही ते मूल चावतं, ओरबाडतं, नाहीतर कोपरा धरतं. बालवाडीत मी हे इतक्यांदा पाहिलंय की मोजदाद नाही. दोन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला मागे पडतं ही समजूतही खरी नाही. आपल्याकडची अर्धीअधिक मुलं दोन-तीन भाषांतच वाढतात आणि त्यांना बोलता येतंच की.

बरं, मग ते मूल वर्गात गप्प का असतं? यात दोन गोष्टींची गल्लत होते.

पहिली भाषेची. नव्या भाषेच्या वर्गात टाकलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने सुद्धा, तोंड उघडत नाही. त्या काळात ते कान भरून घेत असतं. घरी येऊन बाहुल्यांना रांगेत बसवून बेनची नक्कल करतं, तीही गुजरातीत. ते पाहिलंत की समजा, काम चालू आहे.

दुसरी वयाची. तीन वर्षांच्या दोन मुलांना वाळूत बसवा. शेजारी शेजारी बसतील, दोघंही घर करतील, पण एकमेकांशी बोलणार नाहीत. आईला वाटतं, मैत्री झाली नाही. अहो, या वयाची मैत्री अशीच असते. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन बाईंनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खेळणं महिनोन् महिने पाहून 1932 मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी एकट्याने खेळणं, मग दुसऱ्याचा खेळ नुसता बघत उभं राहणं, मग जवळ बसून आपापलं खेळणं, मग वस्तूंची देवाणघेवाण, आणि शेवटी मिळून एक खेळ रचणं. पुढे त्यावर पुष्कळ चर्चा झाली, मुलं या पायऱ्या सरळ चढत नाहीत, मागेपुढे करतात, हेही दिसून आलं. पण पालकांसाठी त्यातली एक गोष्ट मोलाची आहे. नुसतं बघत उभं राहणं हीही एक पायरी आहे. फाटकातून डोकावणाऱ्या आईला जे "एकटं पडलेलं" मूल दिसतं, ते पुष्कळदा खेळाचा अभ्यास करत उभं असतं.

आता बडोद्याच्या आठवणीकडे वळते, कारण माझं म्हणणं तिथूनच निघतं.

आपल्यातल्या साठी ओलांडलेल्यांना दांडिया बाजार, रावपुरा भागातले वाडे आठवत असतील. एका वाड्यात सात-आठ बिऱ्हाडं. पलीकडे पोळ, तिथे गुजराती कुटुंबं. मध्ये ओटे. आम्ही ओटा म्हणायचो, ते ओटलो म्हणायचे, आणि गच्चीला अगाशी दोघंही म्हणायचो. संध्याकाळी पाच ते दिवेलागण सगळी पोरं बाहेर. अकरा वर्षांचा दादा ते अडीच वर्षांचं शेंबडं, सगळी एकाच खेळात. आणि त्या अडीच वर्षांच्या पोराला एक पदवी असायची: लिंबूटिंबू.

नव्या पिढीसाठी सांगते. लिंबूटिंबू म्हणजे खेळात असलेला, पण ज्याला नियम लागू नाहीत असा भिडू. तो आउट होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. पकडला गेला तरी चालतं, लपायच्या ऐवजी मध्येच उभा राहून टाळ्या वाजवल्या तरी चालतं. पण तो खेळात असतो. मोठी मुलं त्याचा हात धरून पळतात. हळूहळू त्याला कळायला लागतं, लपायचं म्हणजे काय, पाळी म्हणजे काय, हरल्यावर काय करायचं. आणि एक दिवस तोच ओरडून सांगतो, "मी लिंबूटिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या." त्या दिवशी त्याची बढती झाली म्हणायची.

हे कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या तज्ज्ञाने आखलं नव्हतं. पण लहान मुलाला माणसात आणण्याची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही. तिचं मर्म एवढंच, की येत नसताना आत घ्यायचं. आधी ये, मग जमेल.

भाषेचंही तेच व्हायचं. पोळीतल्या मुलांत आमची मराठी पोरं भाषेतलीसुद्धा लिंबूटिंबूच असायची. एक अक्षर गुजराती न येता खेळायला जायची, आणि पहिला शब्द घेऊन यायची तो "किट्टा". आपली कट्टी-बट्टी तशी त्यांची किट्टा-बुच्चा. म्हणजे पहिल्यांदा भांडण झालं, समेट झाला, आणि भाषाही आली. समोरची गुजराती पोरंही "टाइम्प्लीज" आणि "राज्य" आमच्याकडून उचलायची. कुणाच्या आईने घरातली भाषा बदलल्याचं मला आठवत नाही.

पण मंडळी, इथे थांबून एक बोलायला हवं. आपल्या या ग्रुपवर जुन्या वाड्यांबद्दल लिहिताना सगळं सोन्याचं करून टाकायची सवय आहे. तसं ते नव्हतं. कुठली मुलं ओट्यावर बसू शकत आणि कुठली खाली उभी राहत, हे जातीवरून ठरायचं. अडखळत बोलणाऱ्या मुलाला नाव पडायचं आणि ते लग्नापर्यंत चिकटायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं, त्यांचा स्वतःचा खेळ कधीच संपलेला असायचा. मोठी पोरं लहानांना मारत, आणि "पोरंच ती" म्हणून सोडून दिलं जायचं. तेव्हा वाडा परत आणा असं मी म्हणत नाही. आणायचीच तर त्यातली एक गोष्ट आणू या, लिंबूटिंबूची जागा.

आता ती जागा गेली कुठे? एक तर एका घरात एकच मूल. दुसरं, शाळेत सगळी एकाच वयाची. तीस मुलं, तिशीच्या तिशी तीन वर्षांची. हात धरायला मोठं कुणी नाही, सगळेच लिंबूटिंबू! मग सगळी अपेक्षा एका बेनवर. तिसरं, सोसायटीत खाली गाड्या. सोडणार कुठे? ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही.

मिश्र वयाचं मोल आपल्याकडच्या बालशिक्षणाने फार आधी ओळखलं होतं, आणि त्यात गुजरात-मराठीचा धागा आहे, जो आपण बडोदेकरांनी तरी विसरू नये. भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर 1920 मध्ये सुरू झालं. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. मुलांत इतके रमले की लोक त्यांना "मूछाळी मा", म्हणजे मिशीवाली आई, म्हणायला लागले. त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. मराठी बाई, काम गुजराती मुलांत. माँटेसरीच्या पद्धतीत वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसतात, मोठं मूल धाकट्याला दाखवतं, धाकटं बघून शिकतं. ते तत्त्व आपल्या मातीत, आपल्या गोष्टी-गाण्यांत कसं रुजवायचं, हे या दोघांनी पाहिलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम उभं केलं, सोबत अनुताई वाघ होत्या, आणि मग ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायका शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलांना त्यांच्या बोलीवरून त्यांनी परत पाठवलं नाही. मूल जसं आहे तसं आधी आत घ्यायचं, हाच विचार तिथेही होता.

एवढा वारसा असताना आपण "घरी मराठी बंद करा" ऐकून मान डोलावतो, याचं मला वाईट वाटतं.

मग करायचं काय? मी बालवाडीत आणि पुढे नातवंडांच्या बाबतीत जे उपयोगी पडताना पाहिलं ते सांगते. यात खर्चाचं काही नाही.

एक मूल निवडा. दहा नकोत. वाढदिवसाला चाळीस मुलं, डीजे आणि जादूगार बोलावून मैत्री होत नाही, मूल घाबरून आईच्या पदराआड जातं. त्यापेक्षा सोसायटीतलं किंवा वर्गातलं एक मूल, ठरलेला वार, ठरलेली जागा, तासभर. दर आठवड्याला तेच मूल. या वयात ओळख सवयीने होते. आणि तास संपला की खेळ रंगात असतानाच उठवा, दमून भांडणं लागायच्या आत.

जमलं तर थोडं मोठं मूल बोलवा. सहा-सात वर्षांची शेजारची ताई मिळाली तर सोनंच. तिला सांगून ठेवा, "हा आमचा लिंबूटिंबू, याला सांभाळून घे बरं का." मोठ्या मुलांना असा मान दिलेला फार आवडतो. पण तिला रोज दाई करू नका. तिचाही खेळ आहे.

खेळायला मोजता न येणाऱ्या वस्तू द्या. वाळू, पाणी, कणकेचा गोळा, जुन्या साड्या, उश्या, रिकामी खोकी. एक गाडी आणि दोन मुलं म्हणजे भांडण ठरलेलं. मुलाचं जे अगदी जिवाचं खेळणं असेल ते पाहुणा यायच्या आधी त्याच्याच हाताने कपाटात ठेवा. "हे नाही द्यायचं, बाकी सगळं दोघांचं." त्याला निर्धास्त वाटतं.

"शेअर कर, शेअर कर" हा घोषा थांबवा. तीन वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ एवढाच कळतो की माझ्या हातातलं काढून घेणार. त्याऐवजी पाळी शिकवा. पाळी त्याला कळते, कारण तिला शेवट असतो आणि वस्तू परत येते. घसरगुंडीवर, झोपाळ्यावर, आजीच्या मांडीवर सुद्धा पाळी लावा. "आता तिची, मग तुझी." आणि म्हटल्याप्रमाणे खरंच त्याची पाळी द्या. मोठ्यांनी एकदा फसवलं की ते पाळीवरचा विश्वास गमावतं.

कान धरून "सॉरी" म्हणायला लावू नका. मारून, सॉरी म्हणून, पुन्हा मारणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या लेखी सॉरी म्हणजे टोल भरल्यासारखं. त्याला ज्याला लागलंय त्याच्याकडे नेऊन दाखवा. "बघ, तो रडतोय. त्याला दुखतंय. आपण काय करू या? पाणी आणतोस?" धावत पाणी आणणारं मूल त्या सॉरीपेक्षा कितीतरी जास्त शिकतं.

खेळात शिरायचं कसं, ते शिकवा. आपण शिकवतो, "जा, विचार, मी खेळू का?" आणि चार-पाच वर्षांची मुलं या प्रश्नाला हमखास "नाही" म्हणतात. त्यांचा खेळ नुकताच जुळलेला असतो, तो मोडेल अशी त्यांना भीती वाटते. जी मुलं सहज मिसळतात ती विचारत नाहीत. आधी जवळ उभी राहतात, काय चाललंय ते बघतात, मग त्याच खेळाला लागणारं काहीतरी करतात. भातुकली चालली असेल तर एक पान आणून ठेवतात, "ही पोळी." झालं, घेतलं आत! बुजऱ्या मुलाला घरी हे दोन बाहुल्या घेऊन दाखवता येतं. मराठीतून दाखवा, कृती सगळ्या भाषांत चालते.

आणि भाषेसाठी मराठी सोडू नका, पाच-सहा वाक्यं जोडा. बडोद्यात असाल तर "मारो वारो", "मने आप", "नथी जोईतुं", "चाल रमीए" आणि शूला जायचं असेल तर काय म्हणायचं ते. एवढ्या भांडवलावर मूल बालवाडीचं पहिलं वर्ष काढतं. आई-बाबांनी ती खेळातच म्हणून दाखवायची. बाकी दिवसभर आजी मराठीतच बोलणार, आणि पोटभर बोलणार. शाळेलाही नम्रपणे सांगा, "घरी मराठीच राहील, पण त्याला 'पाणी' आणि 'दुखतंय' एवढे मराठी शब्द तुम्हीही ओळखीचे करून घ्याल का?" बहुतेक शिक्षिका आनंदाने करतात. सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

शेवटचं म्हणजे, मुलाच्या देखत "आमचा फार लाजाळू आहे हो" म्हणू नका. मुलं आपण दिलेली नावं निभावतात. "त्याला जरा वेळ लागतो, मग येतो" एवढं म्हणा.

मुलांच्या "तुला घेणार नाही" बद्दलही विचारतात. लहान मुलांनी एकमेकांना वगळणं हे चालायचंच, असं मानलं जातं. शिकागोच्या एक शिक्षिका होत्या, व्हिव्हियन पेली. त्यांनी आपल्या बालवर्गात नियमच केला की "तू खेळायचं नाहीस" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, आणि त्या अनुभवावर 1992 मध्ये पुस्तक लिहिलं. मोठी मुलं त्यांना म्हणाली, नियम न्याय्य आहे पण चालणार नाही. लहानांनी मात्र तो चालवून दाखवला. मला त्यात आपल्या लिंबूटिंबूचीच सावली दिसते. बाहेर ठेवायचा हक्क कुणालाच नाही, आत काय काम द्यायचं ते मात्र खेळणाऱ्यांनी ठरवावं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. सगळंच "होईल हळूहळू" म्हणून सोडून देऊ नका. तीन वर्षांचं मूल हाक मारल्यावर घरातही वळून बघत नसेल, नजर देत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, खोटं खोटं खेळत नसेल, किंवा मराठीतही शब्द जुळवत नसेल, तर तो शाळेचा किंवा भाषेचा प्रश्न नाही. बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा, कान तपासा. शेजारणीच्या "आमचा पण उशिरा बोलला" वर विसंबू नका. घरात धबधब्यासारखं बोलणारं आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्द न काढणारं मूलही दाखवून घ्यावं. त्यालाही मदत मिळते.

आता आपल्या मंडळांबद्दल थोडं कडू बोलते. गोड मानून घ्या.

गणेशोत्सवात आपण पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काय ठेवतो? वेशभूषा स्पर्धा आणि पाठांतर. तीन वर्षांच्या पोराला दाढी चिकटवून, फेटा बांधून, दोनशे माणसांपुढे उभं करायचं. ते भोकाड पसरतं, आई विंगेतून "बोल, बोल" करते, फोटो निघतात, आणि पहिल्या तिघांना बक्षीस. उरलेली मुलं घरी जाताना विचारतात, "मला का नाही?" मराठी मुलं एकत्र यावीत म्हणून तर मंडळ. मग एकत्र आलेल्या मुलांना रांगेत उभं करून एकेकटं स्टेजवर का पाठवायचं?

माझी सूचना अशी आहे. पाच वर्षांखालच्यांच्या स्पर्धा बंद करा. त्याऐवजी हॉलच्या एका कोपऱ्यात मोठी सतरंजी अंथरा. वर खोकी, डबे, साड्या, कणीक. आरतीच्या आधी एक तास. दोन आज्या बसतील, लक्ष ठेवायला. आठ-दहा वर्षांची चार मुलं मदतीला, त्यांना "दादा-ताई" म्हणून बिल्ला द्या, त्यांना तो बक्षिसाहून मोठा वाटेल. दहा दिवस तीच मुलं, तीच सतरंजी. अकराव्या दिवशी कोण कुणाचा मित्र झालाय ते बघा.

आपल्या सणांत याची सोय आधीपासूनच आहे. भोंडल्यात खिरापत ओळखायची असते. तिथे अडीच वर्षांचं मूल "चॉकलेट" म्हणालं तरी सगळे हसून पुढचा अंदाज घेतात, कुणी त्याला चूक म्हणत नाही. बोरन्हाणात लूट असते, पण बघा, एखादी आजी हमखास मूठभर बोरं-हलवा मागे राहिलेल्याच्या पुढे सरकवते. आपल्या आज्यांना हे शिकवावं लागत नाही. फक्त या दोन्ही प्रसंगी मराठी घरांइतकंच शेजारच्या गुजराती, सिंधी, मुसलमान घरांतल्या मुलांनाही बोलवा. आपलं मूल त्यांच्या खेळात लिंबूटिंबू असतं, तसं त्यांचं मूल एक दिवस आपल्या भोंडल्यात लिंबूटिंबू होऊ दे. मैत्री अशी दोन्हीकडून जाते-येते.

काही जण म्हणतील, सगळं ठीक, पण पुढे टिकायचं तर इंग्रजी, गुजराती लागणारच. लागणारच! आणि येणारच. इथे जन्मलेलं कुठलं मराठी मूल दहाव्या वर्षी गुजराती बोलत नाही, दाखवा मला. ते रस्त्यावरून, शाळेतून, टीव्हीवरून आपोआप येतं. मराठीला मात्र घराबाहेर इथे दुसरं दार नाही. ती आजीच्या तोंडून आली तरच येते. म्हणून तिसऱ्या वर्षी जी भाषा बंद करण्याची घाई चालली आहे, ती पुन्हा सुरू करायची संधी बहुधा मिळत नाही. पुढे तेच मूल पंधरा वर्षांचं झालं की आपणच म्हणणार, "याला आजीशी बोलताच येत नाही."

जागेची अडचण मी वर मान्य केली आहे. पण प्रत्येक सोसायटीत कॉमन प्लॉट असतो ना? त्यात निम्म्या जागी गाड्या, उरलेल्यात लग्नाचे मंडप. संध्याकाळी सहा ते सात एवढा एक तास तिथल्या गाड्या हलवायचा ठराव सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी मांडेल का? मी आमच्याकडे मांडला होता. पहिल्या वर्षी नामंजूर झाला. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून तीन दिवसांसाठी मंजूर झाला. तेवढ्यावरही बरंच होतं.

तेव्हा यंदा कुणी तुमच्या सुनेला-लेकीला "घरी मराठी बंद करा" म्हणालं तर तिच्या पाठीशी उभे राहा. आजी-आजोबांनो, तुम्ही तर मुळीच गप्प बसू नका. आणि गणपतीला दोन महिने आहेत, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सतरंजीचं मनावर घ्या.

जाता जाता, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींना एक विचारायचं आहे. तुमच्याकडे खेळातल्या या लहान भिडूला काय म्हणायचे? आणि शेजारची हिंदी, कन्नड, तेलुगू पोरं काय म्हणायची? आठवत असेल तर जरूर लिहा. हे शब्द आपल्या पिढीबरोबर जायला नकोत.